मशीनला दाढा नसतात

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा अंगठा मागितला.

"उजवा," म्हणाले. मला वाटलं, हजेरीच्या यंत्रासाठी ठसा हवा असेल. मी टेबलापलीकडून हात पुढे केला. त्यांनी खणातून चिकटपट्टीचं बंडल काढलं, माझा अंगठा तळहातावर आडवा दुमडला आणि वरून पट्टीचे वेढे देत गेले. त्यांचे हात थरथरत होते, पण पट्टी घट्ट बसली.

"उद्या सकाळी मी सोडीन. तोपर्यंत सोडायची नाही. घरीसुद्धा."

"पण सर, मला झालंय काय?"

"काही नाही. म्हणूनच."

मी चाळिशी ओलांडलेली बाई. दौंडला विम्याच्या ऑफिसात बरीच वर्षं काढलेली. शिरूरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये कोडिंगची जागा निघाली म्हणून आले होते. काम साधं सांगितलं होतं. डॉक्टर पेशंटच्या कागदावर जे लिहितात ते वाचायचं आणि जगभर चालणाऱ्या एका यादीतून त्या जखमेचा, त्या आजाराचा कोड शोधून लावायचा. तो कोड विमा कंपनीकडे जातो, सरकारकडे जातो. यात माझा अंगठा बांधायचं काय कारण, हे मला कळेना. नोकरी पहिल्याच दिवशी सोडावी असंही मनात आलं. पण शिरूरला दुसरी नोकरी ठेवलेली नव्हती.

तो दिवस मी विसरणार नाही. पेन धरता येईना. एसटीत चढताना दांडा धरता येईना. घरी भाकरी थापली, पण उचलून तव्यावर टाकताना तिचे तुकडे झाले. नवऱ्यानं विचारलं, "अंगठा कशात गेला?" मी म्हटलं, "नोकरीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी कापली आणि विचारलं, "काय काय अडलं?"

मी पेन सांगितलं, एसटी सांगितली, भाकरी सांगितली. मग म्हटलं, "आणि सलवारची नाडी. ती शेवटी दातांनी ओढली."

ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले. "नाडीचं कुणी सांगत नाही. तुम्हाला हे काम जमेल."

हे आमचे रेकॉर्ड विभागाचे प्रमुख. मी त्यांना सर म्हणायची, बाकी हॉस्पिटल त्यांच्या पाठीमागे काय काय म्हणायचं. ते स्वतः हाडांचे सर्जन. हाताची ऑपरेशनं करण्यात त्यांचं नाव होतं. मग हात थरथरायला लागले. कुणी काही बोलायच्या आधीच त्यांनी सुरी खाली ठेवली. "थरथर पेशंटला दिसेपर्यंत वाट बघायची नसते," एवढंच म्हणायचे. हॉस्पिटलनं मान म्हणून त्यांना जिन्यामागची रेकॉर्डची खोली दिली. बसतील, पेपर वाचतील, चहा पितील, असा सगळ्यांचा हिशेब. तो पहिल्याच आठवड्यात चुकला.

आमच्या भागात अंगठ्यांना तोटा नाही. सणसवाडीच्या बाजूला कारखान्यांची रांग आहे, त्यातल्या किती तरी ठिकाणी प्रेस मशीन. पत्रा डाव्या हातानं सरकवायचा, उजव्या अंगठ्यानं दाबून धरायचा, वरून प्रेस येतो. हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलेला असतो, कारण त्यानं माल कमी निघतो. अंगठा जातो तो बहुतेक नखासकट. आणि अंगठ्याचा कोड म्हणजे एक आकडा नव्हे. उजवा की डावा. नख शाबूत की फाटलं. कापलं, टोचलं की चावलं. जखमेत बाहेरचं काही राहिलं होतं की नाही. प्रत्येक उत्तराला कोड बदलतो. त्याच्या पुढे आणखी एक रकाना, जखम कशामुळे झाली त्याचा. सरांचा सगळा जीव त्या रकान्यात.

"कशानं?"

हा त्यांचा शब्द. कॅज्युअल्टीचा नवा डॉक्टर नुसतं 'बोटाला इजा' असं लिहून कागद खाली पाठवायचा. सर त्या कागदाच्या पाठीवर हाताचं चित्र काढायचे, सहा बोटांचं, आणि खाली लिहायचे, 'यातलं कोणतं? कशानं?' डॉक्टर चिडून खाली यायचा. सर त्याला समोर बसवून सांगायचे, "हाताला पाच बोटं नसतात. चार बोटं आणि एक अंगठा असतो. अंगठ्याला बोट म्हणणं म्हणजे कारभाऱ्याला गडी म्हणण्यासारखं आहे."

हे वेड कामापुरतं असतं तर ठीक. शिपायाच्या हातून चहा सांडला की "कशानं?" एका सिस्टरचं ठरलेलं लग्न मोडलं, ती रडत होती, तर हे दारात उभे राहून, "कशानं?" तिनं रडता रडता सांगितलं, तेही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बरं झालं." नमस्कार कुणाला करत नसत. समोरच्याचा अंगठा धरायचे, नख दाबायचे, सोडायचे आणि पांढरं पडलेलं नख परत लाल व्हायला किती वेळ लागतो ते बघायचे. एका लग्नात मी त्यांना नवरदेवाचं नख दाबताना पाहिलं, स्टेजवर, फोटोग्राफर थांबलेला. "लोह कमी आहे," असं त्याला सांगून खाली उतरले आणि जेवायला बसले.

हॉस्पिटलच्या एका कार्यक्रमात त्यांच्या पत्नी आल्या होत्या. आम्ही बायका विचारत होतो, घरी कसे असतात. त्या म्हणाल्या, "आमच्या लग्नात अंतरपाटाखालून ह्यांनी माझा अंगठा धरला. मी लाजून चूर. वाटलं, माणूस किती प्रेमळ आहे. वर्षभरानं कळलं, तपासत होते."

त्यांच्या विक्षिप्तपणाची कीर्ती पंचक्रोशीत झाली ती गाजरामुळे.

प्रेसमध्ये अंगठा गेलेला एक बिहारी कामगार आला होता. बरोबर ठेकेदाराचा माणूस, गॉगल डोक्यावर चढवलेला. तो मला म्हणाला, "मॅडम, घरी दारात चेमटलाय असं लिहा. पेशंट स्वतः सांगतोय." कामगार जमिनीकडे बघत म्हणाला, "हां जी, दरवाजे में." अशी दारं आमच्याकडे पुष्कळ यायची. कारखान्यातला अपघात म्हटलं की चौकशी लागते, म्हणून प्रेसचं दार होतं. सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही. मीही लिहून मोकळी झाले असते.

सर आतून आले. "कशानं?"

"दरवाजे से, साब."

"कौनसा दरवाजा? लोहे का की लकडी का? कडी की तरफ दबा, या कब्जे की तरफ?"

गॉगलवाला म्हणाला, "सर, दार म्हणजे दार. त्यात काय एवढं?"

"चला," सर म्हणाले, "दार बघून येऊ."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. नव्हती. त्यांनी मला आणि गॉगलवाल्याला गाडीत घातलं आणि थेट सणसवाडी गाठली. वाटेत भाजीच्या गाड्यावर थांबून गाजरं घेतली, अंगठ्याच्या जाडीची, एकेक निवडून. कामगारांच्या खोल्यांची चाळ, पत्र्याची. त्या कामगाराच्या खोलीचं दारही पत्र्याचं, एका बाजूला तारेनं बांधलेलं, खालून कुत्रं आत जाईल एवढी फट. सरांनी चौकटीत गाजर धरलं आणि गॉगलवाल्याला म्हणाले, "लावा दार. जोरात."

त्यानं लावलं. गाजराचं साल निघालं.

"अजून जोरात. राग आलाय असं समजून लावा. आलाच असेल."

दार कडीच्या बाजूनं लावलं, बिजागरीच्या बाजूनं लावलं. पत्रा वाकला, गाजर तसंच. शेजारच्या बायका बाहेर आल्या. एक म्हणाली, "काका, किसनी दिऊ का? हलवा करायचा आसंल तर." चाळ हसायला लागली. गॉगलवाल्याचं तोंड उतरलं.

"ज्या दारात गाजर चेमटत नाही, त्यात हाड चेमटत नाही," सर म्हणाले. "बाई, मशीन लिहा."

परत येताना त्यांनी गाडीत ते गाजर खाल्लं. मी तोंडाला हात लावून बघत राहिले. चाळीच्या दारात घासलेलं, न धुतलेलं गाजर. "सर, तो पुरावा होता," मी म्हटलं. "पुरावा पाहून झाला की त्याचं गाजर होतं," ते म्हणाले.

तेव्हापासून त्या पट्ट्यात ते गाजरवाले डॉक्टर. कामगार दुरून आले तरी आमच्याकडे यायचे, कारण इथं मशीनला मशीन लिहितात.

हे एवढं सांगितलं, कारण नंतर राहू गावचा दत्ता आला तेव्हा आम्हाला बसलेला धक्का त्याशिवाय समजणार नाही.

दत्ता तिशीतला, सणसवाडीत प्रेसवर काम करणारा, ठेकेदाराकडचा. घर दौंड तालुक्यात राहूला. त्याचे आजोबा मेंढरं वळायचे. आता घराचा ऊस आहे आणि दारात जर्सी गाई. दत्ता आठवडाभर सणसवाडीत खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी जायचा. तो कॅज्युअल्टीत आला तो उजवा अंगठा टॉवेलात गुंडाळून. "प्रेसमध्ये गेला," म्हणाला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं जखम धुतली, टाके घातले आणि सरांच्या शिकवणीला जागून कागद लिहिला. उजवा अंगठा, चिरडलेली जखम, नख फाटलेलं, जखमेतून बाहेरचा कचरा काढला, कारण प्रेस मशीन. सकाळी तो कागद माझ्या टेबलावर आला. मी खूश झाले. एका कागदात सगळी उत्तरं. बक्षिसासारखा घेऊन सरांकडे गेले.

त्यांनी वाचला. "कचरा कसला?"

"सर, कचरा म्हणजे कचरा. प्रेसमधला असेल. ऑइल, पत्र्याचा कीस."

"विचारा."

मी ड्रेसिंगच्या सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, "हिरवं काहीतरी होतं नखाखाली. चावून टाकलेल्या भाजीसारखं. टाकून दिलं की."

"प्रेसमध्ये भाजी?" सर उठलेच.

वॉर्डात त्यांनी दत्ताचं ड्रेसिंग सोडायला लावलं. अंगठा वरून बघितला, खालून बघितला. मग वाकून जखमेचा वास घेतला. दत्ताची बायको शेजारी उभी होती, तिनं तोंड फिरवलं. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर होते, तरी दोन पावलं मागे सरकले.

"कशानं?"

"प्रेसमध्ये, साहेब."

"प्रेस वरून येतो. खाली पत्रा असतो, सपाट. वरून नख फुटेल, खाली पेर चपटं होईल. तुझ्या अंगठ्याला वरही खड्डे आहेत, खालीही खड्डे आहेत. आणि ऑइलचा डाग कुठंच नाही." त्यांनी त्याचा हात खाली ठेवला. "मशीनला दाढा नसतात, दत्ता."

दत्तानं तोंड भिंतीकडे केलं. "प्रेसच व्हता."

सरांनी तिथल्या तिथं तरुण डॉक्टरला सांगितलं, टाके उसवा, जखम उघडी ठेवा. तो लाल झाला. रात्रभर जागून घातलेले टाके. आणि मला म्हणाले, "मशीन लिहायचं नाही."

बातमी खाली गेटवर जायला किती वेळ लागतो? दत्ताबरोबरची प्रेसवरची माणसं तिथं उभीच होती. ती जिन्यात आली. एक जण मोठ्यानं म्हणाला, "गाजरवाला फिरला रं! कंपनीनं गाजर दावलं जनू." दुसरा म्हणाला, "गरिबाच्या अंगठ्याला आता दाढा दिसायला लागल्या ह्यास्नी." सर त्यांच्यामधून चालत खाली आले.

मलाही कळेना. दाराचं मशीन करायला जो माणूस सणसवाडीपर्यंत गेला, तो आता मशीन असताना नाही म्हणत होता. मी दार लावून घेतलं आणि स्पष्ट बोलले. "सर, एकदा लिहून टाका मशीन. कारखान्याची सुट्टी मिळेल, उपचार होईल. त्यात कुणाचं काय जातं? चावलं असेल कुणी घरात भांडणात. आपण काय पोलीस आहोत का?"

ते रागावले नाहीत. "बाई, मशीन लिहिलं की आपल्याला फक्त अंगठा वाचवायचा असतो. चावा लिहिला की माणूस वाचवायचा असतो. आणि हा माणसाचा चावा नाही. माणसाची दाढ एवढी मोठी नसते, आणि माणूस हिरवं रवंथ करत नाही."

मी खुर्चीत बसले. मी भांडगावची. माहेरी गोठा. त्यांना काय म्हणायचंय ते आता माझ्या डोक्यात शिरत होतं आणि ते शिरू नये असं वाटत होतं.

दुपारी दत्ताचे चुलते डबा घेऊन आले. सगळे त्यांना नाना म्हणत. पांढरी टोपी, ताठ चाल, गोठ्याचा वास. सर त्यांना दत्ताच्या खाटेशीच भेटले. जखमेबद्दल अवाक्षर नाही. नानांचा अंगठा धरला, नख दाबलं, सोडलं. "रक्त चांगलं आहे तुमचं. गुरं कशी आहेत, नाना?"

गुरांचं विचारल्यावर नाना खुलले. "बरी हायती. येक जर्सी तेवढी आजारी पडलीया. घशात कायतरी अडकलंय तिच्या. मक्याचं कनीस आसंल न्हाय तर उसाची कांडी. लाळ गळतीया, पानी पिईना, वरडून वरडून आवाज बसला तिचा."

"मग हात घालून बघितला असेल."

"व्हय तर! आवो, माझा हात म्हंजी गावात म्हायती हाय. आमच्या बाच्या हाताला गुन व्हता, त्यो माझ्या हातात आला. निम्म्या गावाच्या जनावरांच्या घशातनं काय काय काढलंय म्या. सगळी मलाच बलवत्यात. पर ह्या टायमाला काय घावंना. मंग दत्ताला म्हनलं, तुझी बोटं लांब हायती, तू बघ जरा. तर तिनं धरलाच की अंगठा!"

"नाना!" दत्ता ओरडला.

नाना थांबले. पुतण्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. आपण काय बोललो ते त्यांना कळलं, पण का बिघडलं ते कळलं नाही. "आता म्हनू नगं म्हनला व्हतास व्हय," ते पुटपुटले. "इसरलो."

सर खाटेच्या कडेवर बसले. इतका मऊ आवाज मी त्यांचा त्याआधी ऐकला नव्हता. "नाना, तुमच्या गाईच्या घशात काही अडकलेलं नाही. तिला गिळताच येत नाही. तिला कुत्रं चावलं होतं का?"

"म्हयन्याखाली नाकाला फाडलं व्हतं येका कुत्र्यानं. हाळद लावली. बरं झालं की त्ये."

खाटेचा लोखंडी दांडा माझ्या हातात होता, तो मी सोडला नाही एवढंच आठवतं. दत्ताच्या बायकोला आधी समजलं. तिनं तोंडात पदर कोंबला. पिसाळलेल्या गाईच्या तोंडात या घराच्या माणसांनी एकामागून एक हात घातला होता, तिला बरं वाटावं म्हणून. आणि वर आम्ही प्रेस मशीन लिहून, टाके घालून, ती लाळ आत शिवून ठेवली होती. सर वर आले नसते तर दत्ता बरा अंगठा घेऊन घरी गेला असता आणि काही महिन्यांनी मेला असता. मी कोड लावून कागद पाठवूनही दिला असता.

मग धावपळ झाली. जखमेच्या कडेनं सुया, दंडात सुई, पुढच्या सुयांच्या तारखा. सगळं करून झाल्यावर सर नानांकडे वळले. "आता तुम्ही."

"मला काय झालंय?" नानांनी दोन्ही पंजे पसरले. "वरखडा न्हाई बगा."

सरांनी मोबाइलच्या उजेडात त्यांचा उजवा अंगठा बघितला. नखाच्या कडेनं कातडी फाटून भेग पडलेली. "ही?"

"ही तर शेतात काम करनाऱ्या समद्यास्नी आसती."

"एवढीशी भेग पुरते. लाळ तिथून शिरते. बसा इथं."

"डॉक्टर, म्या जल्मभर जनावरात ऱ्हायलोय. मला जनावर काय करनार? आन् आता बसून जमायचं न्हाई, धारंची येळ झाली. गाई तटकळल्या आसतील. गावातल्या सरकारी दवाखान्यात घेतो की सुई. उद्याच्याला घेतो."

"आत्ता घ्या. इथं."

"व्हय, आलोच," म्हणून नाना उठले आणि सुई आणायला सिस्टर आत गेली तेवढ्यात जिना उतरले. सर त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले, वरून ओरडले, "नाना, धार कुणीही काढील!" नानांनी खालून हात हलवला. त्यांची मोटरसायकल राहूकडे जाणाऱ्या न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी गाय मेली. सरांनी राहूला फोन केला. गोठ्यात वावरणारी घरातली सगळी माणसं सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. नाना फोनवर आले आणि म्हणाले, "घेतली की सुई, घेतली." पुढच्या तारखांनाही सर फोन करत राहिले. "घेतली, घेतली."

दत्ताचा कागद शेवटी खरा गेला. अपघात घरी, जनावराचा चावा. त्यानं कारखान्याकडे मागितलेली सुट्टी नाकारली गेली आणि ठेकेदारानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. त्याच्याबरोबर ड्रेसिंगला आली तेव्हा त्याची बायको सरांच्या दारात उभी राहून बोलली. "कमावता हात रिकामा केला तुमी. येक शबुद लिवला आसता तर काय झिजलं आसतं?" सरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याची आजची सुई झाली का?"

ती निघून गेली. सर मला म्हणाले, "बरोबर आहे तिचं. चिडायला माणूस जिवंत लागतो." आणि पुढचा कागद उचलला. असा माणूस.

उसाला तोड आली तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. गेटमधून दत्ता आला तो नानांना धरून. त्याचा बिननखाचा अंगठा आणि चार बोटं नानांच्या दंडावर. नानांची टोपी नव्हती. मी खिडकीतून पाहिलं आणि सरांना हाक मारली. कॅज्युअल्टीच्या बाकावर नाना बसले. डोळे मोठे, गळ्यापाशी हात.

"डॉक्टर," ते म्हणाले, "घशात कायतरी अडकलंय माझ्या."

मी सरांकडे बघितलं. इतक्या वर्षांत ते कुणाच्याही समोर उभे राहिले आणि त्यांनी "कशानं?" विचारलं नाही असं झालं नव्हतं. त्यांचे ओठ हलले नाहीत. त्यांनी नानांचा अंगठा धरला, नख दाबलं, आणि सोडायचं विसरले.

दत्ता हळू आवाजात म्हणाला, "पानी बघितलं तरी आंग आवळतंय त्यांचं."

"सुई..." मी म्हटलं.

"घेतली न्हवती," नाना म्हणाले. प्रत्येक शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. "रांगंत उभं ऱ्हायलो व्हतो. गावातली मानसं हसाय लागली. म्हनली, नाना, तुमीबी? तुमाला बी जनावराचं भ्या? मंग आलो मागारी."

त्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते सगळ्या डॉक्टरांना माहीत होतं. अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवलं, झोपेचं औषध दिलं. दत्ता दाराबाहेर बसून राहिला. ज्याचा अंगठा चिरडला तो वाचला, आणि ज्याच्या अंगठ्याला नुसती भेग होती तो गेला.

नाना गेल्यावर त्यांचा कागद माझ्याकडे आला. आजाराचा कोड टाकला. कारणाच्या रकान्यापाशी थांबले. मला काय लिहायचं ते माहीत होतं. तरी मी सरांच्या टेबलापाशी गेले, कारण ते सकाळपासून तिथं पेपर उलटा धरून बसले होते.

"सर, कारण?"

त्यांनी खण उघडला. चिकटपट्टीचं बंडल काढून टेबलावर ठेवलं.

"बाई, हे तेव्हा खिशात असतं ना," ते म्हणाले. "धार काढायला जायचंय म्हणत होते. अंगठा बांधला असता मी त्यांचा. अंगठ्याशिवाय धार काढता येत नाही. बसले असते की इथंच, सुई होईपर्यंत."

नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ज्या गोष्टीला मी वेड समजत होते, ती एका माणसाला थांबवायला पुरली असती, आणि ती खणात राहिली होती.

सर आता पुण्याला मुलीकडे असतात. हाताची थरथर वाढली आहे, चहा कुणालातरी पाजावा लागतो. त्यांची खुर्ची माझ्याकडे आली, खण आला. मी नवीन मुलींचे अंगठे बांधत नाही. मला ते पटलं नव्हतं आणि अजूनही पटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात भांडगावचा एक शेतकरी आला. पाणी पिईना म्हणून म्हशीच्या तोंडात हात घातलेला, हाताला खरचटलेलं, पट्टी करून परत निघालेला. मी त्याला बाहेर गाठलं. म्हटलं, दादा, सुई घेतल्याशिवाय जायचं नाही, औषध वरून आणायला सांगितलंय, थांबा. तो घड्याळ बघत म्हणाला, "ताई, संध्याकाळी येतो ना. आता धारंची वेळ झाली, थांबून चालणार नाही." आणि चपला शोधायला लागला.

मी पर्समधून चिकटपट्टीचं बंडल काढलं आणि त्याचा अंगठा मागितला.

"उजवा," मी म्हटलं.